अकरा किलोचे ओझे घेऊन लॅमिंग्टन रोडला

कुर्ला स्टेशनच्या जिन्यावर एका बाईंनी आम्हाला थांबवून विचारले, "दादा, ही बारकी शिलाई मशीन कुठे घेतली?" त्यांची काहीच चूक नव्हती. करड्या प्लास्टिकची चौकोनी पेटी, तिला एक मूठ, आणि वजन असे की दर पंधरा पावलांनी हात बदलावा लागत होता. आम्ही आणि वस्तीतलाच आय.टी.आय.ला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला एक तरुण, असे दोघे ती आळीपाळीने वाहत होतो. "मशीन नाही ताई, कॉम्प्युटर आहे," असे सांगितल्यावर त्या क्षणभर आमच्याकडे बघत राहिल्या आणि काही न बोलता वर निघून गेल्या. आपली चेष्टा केली असेच त्यांना वाटले असणार.

वाचकहो, ही पेटी घेऊन आम्ही लॅमिंग्टन रोडला का निघालो, ते आधी सांगितले पाहिजे.

आमच्या वस्तीतल्या त्रेसष्ट कुटुंबांनी १९८६ साली बदलापूरच्या पुढे सामाईक जमीन घेतली. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी नगरपालिकेच्या सफाई खात्यात, तर कोणाच्या घरी चार घरची धुणीभांडी. प्रत्येकी अडीच हजार रुपये, पाचशेचे पाच हप्ते. त्या काळी पाचशे म्हणजे कित्येकांचा महिन्याचा किराणा. हिशेब ठेवीत आमच्याच चाळीतले अण्णा. ते एका कचेरीत टंकलेखक होते. पावती लिहून देत, वहीत मांडत, आणि रात्री तोच हिशेब या पेटीतही चढवत. ही पेटी त्यांच्या जहाजावर नोकरीला असलेल्या धाकट्या भावाने १९८५ साली इंग्लंडहून जुनी म्हणून विकत आणली होती. अण्णांना टायपिंग येत होते, बाकीचे त्यांनी सोबत आलेली पुस्तिका वाचून आत्मसात केले. आम्ही तेव्हा चड्डीत फिरणारी पोरे. खिडकीच्या गजांना लोंबकळून हिरवी अक्षरे बघायचो एवढे आठवते.

मग २६ जुलै २००५ आला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदी कुर्ल्यात शिरली, आणि तळमजल्यावरच्या खोलीतले संस्थेचे लोखंडी कपाट छातीभर पाण्यात दोन दिवस उभे राहिले. वह्यांचा लगदा झाला. पावत्या ज्यांच्या घरी होत्या त्यांतल्या अनेकांच्याही तशाच गेल्या. अण्णा २०११ साली वारले. आज त्या जमिनीला मोल आले आहे, सभासदांचे हक्क कागदावर पक्के करायची वेळ आली आहे, आणि चौदा घरांकडे आपण पैसे भरल्याचा एकही पुरावा नाही. त्यांत तळमजल्यावरच्या मावशी आहेत. त्यांचे यजमान गेले, पावती गेली, आणि समितीच्या बैठकीत एक जण नको ते बोलून गेला, "मावशी, तोंडी कोणी काही सांगेल." मावशी त्या दिवसापासून बैठकीला येईनाशा झाल्या.

पेटी मात्र अण्णांच्या सुनेने माळ्यावर ठेवली होती, म्हणून वाचली. तिच्याबरोबर बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा, आणि डब्यात अकरा फ्लॉपी. मोठ्या, सव्वापाच इंची, वहीच्या पुठ्ठ्यासारख्या वाकणाऱ्या. एकीवर अण्णांच्या अक्षरात लिहिलेले होते : 'जमीन – हप्ते'.

सगळ्यांना वाटले, आता काय, काम झाले. एका रविवारी पेटी खाली उतरवली, पुसली, वायर जोडली, बटण दाबले. पाच इंचांचा पडदा उजळला. त्यावर अक्षरेही आली. जमलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबतात न थांबतात तोच आतून 'फट्' असा आवाज झाला आणि पेटीच्या फटींतून पांढरा धूर निघाला. वास असा की जळका कागद आणि सडकी मासळी एकत्र शिजवल्यासारखा. कोणी तरी मेन स्विच ओढला. पोरे रडू लागली. अण्णांची सून म्हणाली, "गेलं बाई शेवटचं!"

फ्लॉपी दुसरीकडे नेऊन वाचाव्यात, असे कोणी म्हणेल. आम्हीही म्हटले. पण सव्वापाच इंची फ्लॉपीचा ड्राइव्ह आज दुकानात मिळत नाही. आणि समजा एखाद्या जुन्या पी.सी.त सापडला, तरी या यंत्राची फ्लॉपीवर लिहिण्याची पद्धत इतकी जुनी आहे की नंतरच्या पुष्कळ पी.सी.ंना ती वाचताच येत नाही. परदेशात जुन्या यंत्रांचे षौकीन आहेत, त्यांच्याकडे खास साधने असतात. पण एकुलती एक प्रत टपालात टाकायची कोणाचीच छाती होईना. म्हणजे ज्याने लिहिले, त्यानेच वाचून दाखवायला हवे.

म्हणून लॅमिंग्टन रोड. पहिल्यांदा गेलो तो रविवार होता, आणि बहुतेक दुकानांची शटरे खाली होती. कारकुनी डोके, सुट्टीच्या दिवशी बाजारही सुट्टी घेतो हे सुचले नाही. पण त्या फेरीत एका उघड्या चहावाल्याने पत्ता सांगितला : अमक्या इमारतीच्या जिन्याखाली एक वयस्कर कारागीर बसतात, टी.व्ही.च्या जमान्यातले, त्यांना भेटा. म्हणून ही दुसरी फेरी, शनिवारी, अर्ध्या दिवसाची रजा टाकून, पेटीसकट.

कुर्ल्याहून दादर, दादरला पूल चढून पश्चिम रेल्वेची स्लो गाडी, कारण ग्रँट रोडला फास्ट थांबत नाही. दुपारची वेळ, गर्दी कमी, तरी पेटी मांडीवर घेतली तर पाय बधिर होतात आणि खाली ठेवली तर लोकांच्या लाथा लागतात. शेवटी आम्ही तिच्यावर रुमाल टाकून एक म्हाताऱ्या गृहस्थांना तिच्यावरच बसवले. ते चर्नी रोडला जाणारे होते. उठताना पेटीला हात लावून नमस्कार करून गेले.

ग्रँट रोडच्या पूर्वेला उतरून पाचसात मिनिटे चालले की हा रस्ता लागतो. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण रिक्षाटॅक्सीवाल्यांपासून दुकानदारांच्या पावत्यांपर्यंत तोंडी बसलेले नाव लॅमिंग्टन रोडच. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे ते नाव. साहेब चार वर्षांत परत गेले, नाव सव्वाशे वर्षे इथेच राहिले आहे. आमच्या वडिलांच्या पिढीला हा रस्ता ठाऊक होता तो सिनेमासाठी. अप्सरा, नाझ, आणि 'शोले' जिथे १९७५ पासून पाच वर्षे चालला ते मिनर्व्हा. मिनर्व्हा आता उरलेले नाही. आमच्या पिढीला हा रस्ता ठाऊक आहे तो सुट्या भागांसाठी. आधी रेडिओचे, मग टेपरेकॉर्डरचे, मग टी.व्ही.चे आणि १९९०च्या दशकात कॉम्प्युटरचे. कंपनीचा कॉम्प्युटर परवडत नाही, तर इथे येऊन पेटी एकाकडून, हार्ड डिस्क दुसऱ्याकडून घ्यायची आणि तिसऱ्याकडून जोडून घ्यायचा. 'असेंबल्ड' हा इंग्रजी शब्द आमच्यासारख्यांच्या घरांत शिरला तो या रस्त्यावरून. आमच्या ओळखीतल्या किती तरी मुलामुलींनी पहिल्यांदा माऊस हातात धरला तो अशा जोडलेल्या यंत्राचाच.

आज दर्शनी दुकानांत कॅमेरे, राउटर, मोबाइलचे सामान. पण गल्लीत शिरा, जिने चढा, आणि जुना बाजार जागेवर आहे. एवढ्याशा गाळ्यात छतापर्यंत प्लास्टिकच्या खणांच्या भिंती, प्रत्येक खणाला चिठ्ठी, आणि मालकाला चिठ्ठी न वाचता खण सापडतो. रेझिस्टर मुठीने, वायर मीटरने, स्क्रू वजनावर. आम्हाला आमच्या वस्तीतल्या वाण्याच्या दुकानाची आठवण झाली. फरक इतकाच की इथे 'पावशेर तूरडाळ'च्या जागी 'हजार मायक्रो, पंचवीस व्होल्ट' असे मागायचे.

जिन्याखालचे काका सापडले. जागा आमच्या मोरीएवढी. एक टेबल, भिंग लावलेला दिवा, सोल्डरिंग आयर्न, आणि भिंतीवर होल्डरमध्ये लावलेला जुन्या तारेचा १०० वॅटचा बल्ब. काका मूळचे कोकणातले, गिरगावात राहणारे. पेटी बघून आधी काही बोललेच नाहीत. मग झाकण सोडवले. झाकण म्हणजेच कळफलक. तो समोर आडवा ठेवला की आत मधोमध पोस्टकार्डाहून लहान पडदा आणि दोन बाजूंना दोन फ्लॉपी ड्राइव्ह. "ऑस्बॉर्न!" काका म्हणाले. "नाव ऐकलं होतं, हातात आज आली."

इथे या यंत्राची थोडी ओळख करून द्यावीशी वाटते, कारण त्याचा आपल्या देशाशी एक विलक्षण धागा आहे. ज्यांच्या नावाचे हे यंत्र ते ॲडम ऑस्बॉर्न १९३९ साली बँकॉकमध्ये जन्मले, पण त्यांचे बालपण तमिळनाडूत तिरुवण्णामलै येथे गेले. वडील इंग्रज, रमण महर्षींच्या आश्रमाच्या ओढीने तिथे राहिलेले. ॲडम पुढे इंग्लंडला शिकले, अमेरिकेत गेले, रसायन अभियंता झाले, मग कॉम्प्युटरवर सोप्या भाषेत पुस्तके काढू लागले. कॉम्प्युटर उचलून नेता आला पाहिजे आणि विमानातल्या आसनाखाली बसला पाहिजे, असे त्यांच्या मनात आले. ली फेल्सेनस्टाइन नावाच्या अभियंत्याकडून त्यांनी यंत्राची रचना करवून घेतली आणि एप्रिल १९८१ मध्ये 'ऑस्बॉर्न १' बाजारात आला. किंमत १७९५ डॉलर. पडदा पाच इंची, एका ओळीत ५२ अक्षरे, ओळी २४. स्मरणशक्ती ६४ किलोबाइट. म्हणजे आज मोबाइलवर सकाळी 'शुभ सकाळ' म्हणून येणारे एक फूल या यंत्रात मावणार नाही. पण पत्रे लिहायचा वर्डस्टार आणि हिशेबाचा सुपरकॅल्क त्याच किमतीत सोबत. महिन्याला हजारोंनी यंत्रे खपू लागली. मग नव्या मॉडेलची बातमी मॉडेल तयार होण्याआधीच फुटली, लोक जुने घेईनात, असे सांगतात; इतर कंपन्यांची स्पर्धा होतीच. सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने दिवाळे काढले. ऑस्बॉर्न शेवटी आजारी होऊन भारतात परतले, कोडाईकनालला बहिणीजवळ राहिले आणि मार्च २००३ मध्ये तिथेच वारले.

म्हणजे हे यंत्र कुर्ल्याच्या माळ्यावर पोचले तेव्हाच त्याची कंपनी बुडालेली होती. सुटा भाग मागायचा कोणाकडे? काका म्हणाले, "कंपनी लागत नाही. कंपनीने तरी हे भाग बाजारातूनच घेतले होते."

त्यांनी स्क्रू काढून वीजपुरवठ्याचा भाग, म्हणजे पॉवर सप्लाय, बाहेर घेतला. त्याआधी आम्हाला दोन गोष्टी बजावल्या, त्या वाचकांनीही ध्यानात ठेवाव्या. वायर काढली म्हणजे वीज गेली असे नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टपर्यंत वीज साठून राहते, आणि ती माणसाला मारू शकते. आणि पडद्याच्या काचेच्या नळीला तर हात लावूच नये, तिथे याहून कितीतरी जास्त व्होल्ट मुक्कामाला असतात. काकांनी दहा मिनिटे थांबून, चहा मागवून, मग एका जाड रेझिस्टरचे दोन पाय लावून उरलीसुरली वीज काढून टाकली आणि मीटरवर शून्य बघितल्यावरच बोट घातले.

धुराचा मालक लगेच सापडला. पिवळसर, पारदर्शक, विटेच्या आकाराचा, करंगळीच्या पेराएवढा कपॅसिटर, मधोमध उललेला, खाली तपकिरी राळ ओघळलेली. हा तुकडा विजेच्या दाराशी उभा असतो. घरातली वीज आत येताना आणि यंत्रातला गोंगाट बाहेर घरच्या लाइनमध्ये जाताना तो गाळून घेतो. त्याच्या आत धातूचा मुलामा दिलेला कागद असतो. वर्षानुवर्षांत बाहेरच्या आवरणाला केसाएवढ्या भेगा पडतात, भेगांतून दमट हवा शिरते, कागद ओल धरतो. मग एके दिवशी वीज सोडली की तो तापतो आणि फुटतो. चाळीस पावसाळे! माळ्यावर पुरापासून वाचला, हवेतल्या ओलीपासून नाही वाचला. काका म्हणाले, जगभरच्या त्या काळच्या यंत्रांत हा तुकडा असाच फुटतो. बरेचदा तो फुटल्यावरही यंत्र चालू राहते. घाबरून लोक यंत्र भंगारात देतात, आणि गेलेली असते पंधरा रुपयांची वस्तू.

मग त्यांनी फ्यूज काढला आणि त्यांचा चेहरा बदलला. फ्यूजच्या काचेभोवती कोणी तरी तांब्याची तार गुंडाळली होती. "हे कोणी केलं?" आम्ही गप्प. आमच्या चाळीतल्याच कोणाची तरी ही करामत असणार, कारण आमच्याकडे मीटरच्या खोलीतही तोच रिवाज आहे. काका म्हणाले, "फ्यूज म्हणजे राखणदार. तुम्ही राखणदाराला बांधून ठेवलंत आणि चोराला दार उघडं. तुमची चाळ पेटली नाही हे नशीब." वयाच्या पंचेचाळिशीत आम्ही पोरासारखे बोलणे खाल्ले. खायलाच हवे होते. घरी परतल्यावर पहिले काम मीटरच्या खोलीचे केले, ते इथेच सांगून टाकतो.

नवा तुकडा आणायला आम्हाला समोरच्या गल्लीत पाठवले. पहिल्या दुकानदाराने तितक्याच मापाचा, 'पॉइंट वन'चाच, एक साधा कपॅसिटर पुढे केला, चार रुपयांना. "चालेल साहेब, व्होल्ट जास्तच आहेत." आम्ही घेतलाही असता. आमच्या तरुण सोबत्याने तो उलटून बघितला आणि परत केला. विजेच्या दाराशी बसवायचा कपॅसिटर वेगळ्या जातीचा असावा लागतो, त्यावर 'एक्स-टू' अशी खूण आणि परीक्षणाचे छाप असतात. लाइनमध्ये अचानक अडीच हजार व्होल्टपर्यंतचा झटका आला तरी पेट न घेता तो सोसेल, अशी त्याची परीक्षा झालेली असते. आणि जो कपॅसिटर लाइनपासून यंत्राच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेला असतो, तो 'वाय' खुणेचाच हवा. तिथे भलता बसवला आणि तो आतून जुळला, तर सांगाड्यातच वीज उतरते आणि हात लावणारा मरतो. दुकानदाराचे अकरा रुपये आणि आपला जीव, असा तो हिशेब. दोन्ही जातीचे योग्य नग तिसऱ्या दुकानात मिळाले, नव्या पद्धतीचे, कागदाऐवजी प्लास्टिकची पातळ फिल्म असलेले.

काकांनी ते बसवले, पण वीज थेट दिली नाही. भिंतीवरचा १०० वॅटचा बल्ब मध्ये घेतला. आपल्याकडचा प्रत्येक जुना वायरमन हा सिरीज बल्ब ओळखतो. यंत्रात कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि यंत्र बचावते. सगळे ठीक असेल तर एकदा चमकून मंद होतो. शिवाय अशा प्रकारचा पॉवर सप्लाय मोकळा, बिनओझ्याचा चालवू नये, म्हणून त्यांनी बाहेरच्या बाजूला मोटारीच्या दिव्याचा बल्ब जोडला. बटण दाबले. भिंतीवरचा बल्ब चमकला आणि मंद झाला. मोटारीचा दिवा लागला. जिन्यावरून जाणारी दोन माणसे थांबून बघू लागली होती, तीही हसली.

आम्ही पैसे काढायला खिशात हात घातला. काका म्हणाले, "बसा. अजून आजार बाकी आहे."

यंत्र जोडून चालवले. पडदा आला. पाच व्होल्टच्या वाटेवर मीटर ठीक. बारा व्होल्टच्या वाटेवर आधी ११.९. दहा मिनिटांनी फ्लॉपीची मोटर फिरवली, आणि काटा १०.८ वर उतरला, पडद्यावरचे चित्र आक्रसून थरथरू लागले. मोटर थांबली की पुन्हा ठीक. आमच्या सोबत्याने विचारले, "काका, कपॅसिटर तर फुगलेले दिसत नाहीत?" दिसत नव्हतेच. काकांनी एक छोटा मीटर काढला, जो कपॅसिटरच्या आतला अवरोध दाखवतो. चांगल्या कपॅसिटरचा तो एका ओहमच्या दहाव्या हिश्शाहून कमी हवा. इथे तीन ओहमच्या वर.

हे आम्हाला त्यांनी ज्या रीतीने समजावले ते विसरणे नाही. "तुमच्याकडे पाणी सकाळी तासभर येतं ना? तुम्ही पिंप भरून ठेवता, आणि दिवसभर तोटीने घेता. हा कपॅसिटर म्हणजे पिंप. वीज येते ती झटक्याझटक्याने, हजारो वेळा एका सेकंदात. हा ती भरून घेतो आणि एकसारखी देतो. आता पिंपात पाणी आहे, पण तोटीत गाळ बसला आहे. एकेक तांब्या घ्याल तर जाणवणार नाही. बादली लावली की धार बारीक." आतला ओला रस चाळीस वर्षांत वाळून गेलेला, एवढाच त्याचा अर्थ. फ्लॉपीची मोटर म्हणजे ती बादली.

पुन्हा गल्लीत. या वेळी चार नग, १०५ अंश उष्णता सोसणारे. त्यांना दोन दिशा असतात, धन आणि ऋण. उलटा बसला तर फुटतो. काकांनी प्रत्येकाच्या बाजूची पांढरी पट्टी आम्हाला बोट लावून तपासायला लावली. संध्याकाळी सहाला पुन्हा मोटर फिरवली. ११.९, ११.९, ११.९. अर्धा तास काटा हलला नाही.

सगळ्या सामानाचे मिळून १४० रुपये झाले. काकांनी मजुरीचे तीनशे घेतले. त्यातले शंभर परत देऊन म्हणाले, "याचे स्पिरिट घ्या. बुरशी लागलेली फ्लॉपी तशीच घालू नका. ड्राइव्हचं डोकं खराब होईल आणि मग पुढची प्रत्येक फ्लॉपी खरवडली जाईल." सांगायला लाज वाटते, पण आमच्या मनात घरी पोचल्याबरोबर ती 'जमीन – हप्ते' घालायचेच होते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, अण्णांच्याच खोलीत टेबल मांडले. फ्लॉपीच्या आवरणाला एक लांबट फट असते. त्या फटीतून आतली चकती थोडी थोडी फिरवत आमच्या सोबत्याने कापसाने पांढरे ठिपके पुसले. एका फ्लॉपीला पाऊण तास. बाहेर जिन्यात माणसे बसली होती, पण या वेळी कोणी टाळ्या वाजवायला तयार नव्हते.

पडद्यावर सूचना आली, डाव्या ड्राइव्हमध्ये फ्लॉपी घालून रिटर्नची कळ दाबा. यंत्राला उठवणारी पहिली फ्लॉपी वाचली गेली नाही. ड्राइव्ह कुरकुरत राहिला. डब्यात अण्णांनी 'जादा' असे लिहून तिचीच दुसरी प्रत ठेवली होती. ती घातली. कुरकुर, कुरकुर, आणि पडद्यावर त्या फ्लॉपीचे अक्षर येऊन पुढे चौकोन लुकलुकू लागला. अण्णांच्या सुनेने पदर डोळ्यांना लावला.

यादी निघाली. सगळी नावे इंग्रजी अक्षरांत, अण्णांच्या मर्जीच्या स्पेलिंगने. आमच्या वस्तीत एकाच आडनावाची अकरा घरे, म्हणून नावापुढे खोलीचा नंबर, मग हप्ते. ओळ पडद्याहून लांब, म्हणून पडदा आडवा सरकवत बघायचा. एक जण कळा दाबतो, एक जण मोबाइलने फोटो काढतो, आणि आम्ही वहीत उतरवतो. यंत्र पुन्हा कधी रुसेल याचा नेम नाही, म्हणून तिन्ही एकाच वेळी. चौदापैकी तेरा घरांचे हप्ते पुरे निघाले. प्रत्येक नाव मोठ्याने वाचले जाई आणि जिन्यातून कोणी तरी "आहे!" म्हणे.

चौदावे घर मावशींचे. त्यांच्या यजमानांच्या नावापुढे चारच हप्ते. पाचव्याची जागा रिकामी.

कोणी काही बोलले नाही. ज्याने बैठकीत ते वाक्य उच्चारले होते तो खाली बघत होता. मावशी दाराशी उभ्या होत्या, त्यांना बोलावून आणले होते. त्या म्हणाल्या, "पाचवा मी दिलाय. हे गावी होते, सासू आजारी होती. अण्णांच्या हातात दिलाय."

इथे आमचे बी.कॉम. कामाला आले. समोर होती ती खतावणी. म्हणजे प्रत्येकाच्या नावाने केलेली मांडणी. पण पैसा आल्याची पहिली नोंद कोणताही हिशेबनीस तिथे करत नाही. ती रोजकीर्दीत होते, तारखेवार, आणि मग खतावणीला चढते. चढवायचे राहून जाऊ शकते. डब्यात शोधले. पाचव्या फ्लॉपीवर नुसते 'रोज' असे लिहिलेले होते. ती पुसायला आणखी पाऊण तास गेला. मावशी उभ्याच. कोणी स्टूल दिले तरी बसल्या नाहीत.

१९८८ चा मार्च, एप्रिल, मे उलटत गेलो. जूनच्या ११ तारखेला मावशींचे नाव सापडले, त्यांचे स्वतःचे. पुढे खोलीचा नंबर, पुढे 'यजमानांच्या खाती जमा करणे' अशा अर्थाचा अण्णांचा शेरा, आणि रक्कम चारशे पन्नास.

पन्नास कमी कसे, हे मावशींनी अद्याप मान्य केलेले नाही. अण्णांच्या मोजण्यात चूक झाली, असे त्या आजही सांगतात.